रस्त्यावरील वाहतुकीच्या आवाजाचे पूर्वानुमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतीसमोरचा रस्ता रुंद होणार किंवा खिडकीच्या उंचीवरून उड्डाणपूल जाणार असे कळले, की रहिवासी सर्वप्रथम विचारतात ते आवाज किती वाढेल हे. या प्रश्नाचे उत्तर गणिताने बऱ्याच अंशी देता येते. मात्र ते गणित कोणत्या देशातील, कोणत्या प्रकारच्या वाहतुकीवरून बसवलेले आहे, हे माहीत नसेल तर उत्तर फसवे निघते. गृहनिर्माण संस्थांचे सदस्य, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि पर्यावरण अहवाल वाचणारे नागरिक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

रस्ता अजून बांधलेलाच नसताना त्याचा आवाज आधी कसा सांगता येतो?

रस्त्याच्या आवाजाचे दोन भाग असतात. पहिला उगमाचा : तासाला किती वाहने जातात, त्यांत अवजड किती, वेग किती, चढ किती आणि रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे. दुसरा प्रसाराचा : रस्त्यापासून खिडकीपर्यंतचे अंतर किती, मधली जमीन कठीण की मऊ, वाटेत भिंत आहे का, समोरच्या इमारतींवरून ध्वनी परावर्तित होतो का. हे दोन्ही भाग सूत्रांत बांधले, की त्याला प्रतिमान किंवा रूढ शब्दात मॉडेल म्हणतात. ही सूत्रे हजारो प्रत्यक्ष मोजणींवरून बसवलेली असतात, आणि म्हणूनच ज्या रस्त्यांवर त्या मोजण्या झाल्या त्या रस्त्यांचा स्वभाव सूत्रांत उतरलेला असतो. हा मुद्दा पुढे हॉर्नच्या प्रश्नात फार महत्त्वाचा ठरतो.

वाहने दुप्पट झाली तर आवाजही दुप्पट होतो का?

नाही. डेसिबल ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे. इतर सर्व बाबी तशाच ठेवून वाहने दुप्पट केली तर पातळी ३ डेसिबलने वाढते, आणि दसपट केली तर १० डेसिबलने. कानाला ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो, तर १० डेसिबलची वाढ साधारणपणे दुप्पट मोठा आवाज म्हणून जाणवते. यातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो : निम्मी वाहने दुसऱ्या रस्त्यावर वळवली तरी मूळ रस्त्यावर फक्त ३ डेसिबलचा दिलासा मिळतो, उलट जी गल्ली आजवर शांत होती तिचे मात्र मोठे नुकसान होते. अंतराचा हिशेबही असाच चालतो. सलग वाहणारा रस्ता हा रेषेसारखा उगम असल्यामुळे अंतर दुप्पट झाल्यावर पातळी सुमारे ३ डेसिबलने उतरते. मध्ये गवताची किंवा मातीची मऊ जमीन असेल तर ही घट सुमारे साडेचार डेसिबलपर्यंत जाते.

अहवालात एल-१०, एल-ईक्यू, एल-डेन अशी अक्षरे असतात. त्यांत फरक काय?

एल-१० म्हणजे ठरावीक कालावधीच्या १० टक्के वेळ जी पातळी ओलांडली जाते ती. एल-ईक्यू म्हणजे समतुल्य पातळी, अर्थात बदलत्या आवाजाएवढीच एकूण ऊर्जा असलेली स्थिर पातळी. युरोपात वापरली जाणारी एल-डेन ही चोवीस तासांची समतुल्य पातळी असून तिच्यात सायंकाळच्या आवाजावर ५ आणि रात्रीच्या आवाजावर १० डेसिबल जादा धरतात. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांतील मर्यादा एल-ईक्यूमध्ये आहेत. त्यामुळे एल-१० मध्ये आलेले उत्तर या मर्यादांशी थेट ताडून पाहणे चूक आहे. सलग वाहत्या रहदारीत एल-१० हा एल-ईक्यूपेक्षा साधारण ३ डेसिबलने जास्त असतो, एवढा ढोबळ दुवा वापरता येतो.

कोणकोणती प्रतिमाने वापरात आहेत?

ब्रिटनच्या वाहतूक विभागाचे सीआरटीएन १९७५ मध्ये आले आणि १९८८ मध्ये सुधारले गेले. ते हातानेही सोडवता येते, म्हणून शिकण्यासाठी ते उत्तम आहे. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाचे १९७८ चे प्रतिमान पुढे टीएनएम या संगणकीय प्रणालीत विकसित झाले. जर्मनीत आरएलएस-९० ची जागा आरएलएस-१९ ने घेतली, तर जपानमध्ये तेथील ध्वनिशास्त्र संस्थेचे स्वतंत्र प्रतिमान आहे. युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी २०१५ च्या निर्देशाद्वारे क्नोसॉस ही समान पद्धत आणली. तिच्यात वाहनाचा आवाज टायरचा आणि इंजिनाचा असा वेगवेगळा आणि प्रत्येक वारंवारता पट्ट्यासाठी स्वतंत्रपणे काढला जातो. भारतात हीच परदेशी प्रतिमाने वापरली जातात किंवा एखाद्या शहरापुरती सांख्यिकी समीकरणे बसवली जातात.

एखादे उदाहरण सोडवून दाखवाल का?

अवश्य. एक काल्पनिक, पण आपल्याकडे सहज आढळेल असा शहरी रस्ता घेऊ. तासाला २४०० वाहने, त्यांत १२ टक्के अवजड, सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर, रस्ता सपाट. इमारत रस्त्याच्या कडेपासून २० मीटरवर आहे आणि तिसऱ्या मजल्यावरची खिडकी रस्त्यापासून १० मीटर उंच आहे.

सीआरटीएननुसार मूळ पातळी, म्हणजे रस्त्याच्या कडेपासून १० मीटरवरचा तासाचा एल-१०, ही ४२.२ अधिक वाहनसंख्येच्या लॉगची दहापट एवढी असते. २४०० वाहनांसाठी ती ७६.० येते. ही पातळी ताशी ७५ किलोमीटर वेग आणि शून्य अवजड वाहने असे गृहीत धरून दिलेली असल्यामुळे तिच्यात दुरुस्ती करावी लागते. वेगाचा आकडा, अधिक ४०, अधिक ५०० भागिले वेग, या बेरजेच्या लॉगला ३३ ने गुणायचे. आपल्या उदाहरणात ही बेरीज ९६.१ असून गुणाकार ६५.४ येतो. त्यात अवजड वाहनांची भर घालायची : १ अधिक (५ गुणिले टक्केवारी भागिले वेग) याच्या लॉगची दहापट, म्हणजे येथे ३.७. एकूण बेरजेतून ६८.८ वजा केले की दुरुस्ती अधिक ०.३ येते. पातळी झाली ७६.३.

आता अंतर पाहू. सीआरटीएनमध्ये उगम रस्त्याच्या जवळच्या कडेपासून साडेतीन मीटर आत आणि अर्धा मीटर उंचीवर मानतात. तेथून खिडकीपर्यंतचे तिरके अंतर २५.३ मीटर होते. या अंतराला १३.५ ने भागून त्या भागाकाराच्या लॉगची दहापट घेतली की २.७ डेसिबलची घट मिळते. खिडकीतून रस्ता पूर्ण १८० अंशांत न दिसता, शेजारच्या इमारतींमुळे समजा १५० अंशांतच दिसतो. त्याची आणखी ०.८ घट धरली की एल-१० ७२.८ उरतो, म्हणजे एल-ईक्यू सुमारे ७० डेसिबल. इमारतीच्या दर्शनी भिंतीपासून १ मीटरवर हाच आवाज मोजला, तर भिंतीवरील परावर्तनामुळे तो साधारण अडीच डेसिबल अधिक भरेल. निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे, आणि या उदाहरणात आपण अजून एकही हॉर्न धरलेला नाही.

हॉर्नचा आवाज या प्रतिमानांत धरलेला असतो का?

नाही, आणि भारतीय रस्त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक येथेच होते. ज्या देशांत ही प्रतिमाने घडली तेथे हॉर्न हा क्वचितचा अपवाद आहे, त्यामुळे त्यासाठी सूत्रांत जागाच ठेवलेली नाही. आपल्याकडे वळण घेताना, ओलांडताना, सिग्नल हिरवा होण्याआधी आणि झाल्यावरही हॉर्न वाजतो. तो वाहतुकीचाच भाग आहे, आणि तो वगळून केलेले अनुमान रहिवाशांना मान्य होत नाही, कारण ते त्यांच्या कानांना खोटे वाटते. त्यांचे कान बरोबर असतात.

हॉर्नचा हिशेब करणे अवघड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हॉर्नविषयक नियमावलीनुसार वाहनावर बसवलेल्या मोटारीच्या हॉर्नची पातळी ७ मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल असावी लागते. आपण सौम्य बाजूने ९५ धरू. वरच्या उदाहरणातल्या खिडकीशी, म्हणजे सुमारे २५ मीटरवर, तो ८४ डेसिबलने ऐकू येईल. प्रत्येक हॉर्न एक सेकंद वाजला असे मानू. तासाभराच्या समतुल्य पातळीत या घटनांचा वाटा काढताना ८४ मध्ये हॉर्नच्या संख्येच्या लॉगची दहापट मिळवायची आणि ३५.६ वजा करायचे, कारण तासात ३६०० सेकंद असतात. मिनिटाला एक हॉर्न असेल तर हा वाटा ६६.२ होतो आणि मूळ ७० ची पातळी ७१.५ वर जाते. मिनिटाला पाच हॉर्न असतील तर वाटा ७३.२ होतो आणि एकूण पातळी सुमारे ७५ वर पोहोचते. मिनिटाला पाच हॉर्न हा आपल्या एखाद्या गजबजलेल्या चौकासाठी मुळीच अतिरेकी आकडा नव्हे, आणि तरीही त्यांनी घातलेली ५ डेसिबलची भर वाहने तिप्पट केल्यावर पडणाऱ्या भरीएवढी आहे.

म्हणून भारतातील कोणत्याही अनुमानाच्या आधी वाहनांबरोबर हॉर्नचीही मोजणी व्हावी आणि ती गर्दीच्या व सामान्य तासांसाठी वेगवेगळी असावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी खर्चिक साधन लागत नाही. चौकात बसून नोंद करणारा एक माणूस आणि एक ध्वनिमुद्रण पुरेसे असते.

दुचाकी आणि रिक्षा कोणत्या वर्गात धरायच्या?

सीआरटीएनमध्ये हलकी आणि अवजड असे दोनच वर्ग आहेत, आणि अवजड वाहनाची मूळ व्याख्या रिकाम्या अवस्थेत १५२५ किलोपेक्षा अधिक वजन अशी होती. आजच्या कित्येक खासगी एसयूव्ही या रेषेच्या वर जातात, म्हणून ही व्याख्या जशीच्या तशी लावू नये. टीएनएममध्ये मोटारसायकलींसाठी आणि क्नोसॉसमध्ये मोपेड व मोटारसायकलींसाठी स्वतंत्र वर्ग आहेत. तीनचाकी रिक्षेला मात्र यांपैकी कोठेही स्वतःचे घर नाही. तिच्यासाठी स्थानिक मोजणी करून गुणांक काढणे हाच योग्य मार्ग आहे.

याच ठिकाणी एक सापळा आहे. आपल्याकडील वाहतूक गणनेचे तक्ते पुष्कळदा पीसीयूमध्ये, म्हणजे मोटारीच्या तुल्य एककांत दिलेले असतात. त्यांत ट्रक किंवा बस ३ आणि दुचाकी ०.५ अशा पटीत मोजतात. ही पट वाहन रस्त्यावर किती जागा अडवते याची आहे, ते किती आवाज करते याची नाही. पीसीयूचा आकडा ध्वनिसूत्रात टाकला, की अवजड वाहनांचा प्रभाव एकदा संख्येत आणि एकदा टक्केवारीत असा दोनदा मोजला जातो, आणि दुचाकींचा निम्मा नाहीसा होतो. गणनेचे मूळ, वर्गवार तक्तेच मागावेत.

वेगमर्यादा कमी केली तर आवाज किती उतरेल?

ते अवजड वाहनांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. वरच्या उदाहरणात वेग ४५ वरून ३० वर आणला तर सीआरटीएननुसार फक्त ०.४ डेसिबलची घट येते. त्याच रस्त्यावर एकही अवजड वाहन नसते तर ही घट दीड डेसिबल झाली असती. मोटारींचा आवाज ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या पुढे मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून येतो व तो वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, तर ट्रकचे इंजिन कमी वेगातही गरजतच असते. याशिवाय वेग कमी करण्यासाठी गतिरोधक टाकला आणि प्रत्येक वाहन तेथे ब्रेक लावून पुन्हा जोर घेऊ लागले, तर गणितातला फायदा प्रत्यक्षात दिसत नाही. क्नोसॉसमध्ये चौकापासून १०० मीटरच्या आत वेग घटण्या-वाढण्यासाठी वेगळी दुरुस्ती आहे. सीआरटीएन मात्र सलग वाहणारी रहदारी गृहीत धरते.

रात्री वाहने कमी असतात, मग रात्रीचा आवाज मर्यादेत राहत असेल ना?

हा समज सर्वांत हानिकारक आहे. अनेक शहरांत दिवसा अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते आणि ती रात्री शहरातून जातात. रात्रीच्या एका तासात फक्त ६०० वाहने, पण त्यांत ४० टक्के अवजड, आणि मोकळ्या रस्त्यामुळे वेग ५० असे धरून पाहा. मूळ पातळी ७०.० आणि दुरुस्ती अधिक ४.२, म्हणजे ७४.२ होते. दिवसाच्या ७६.३ शी तुलना केली तर वाहने एक चतुर्थांश असूनही आवाज केवळ २ डेसिबलने उतरला. कायद्याची मर्यादा मात्र निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ५५ वरून ४५ वर, म्हणजे १० डेसिबलने उतरते. ज्या अहवालात फक्त दिवसाचे अनुमान आहे, त्या अहवालाने झोपेचा प्रश्न हाताळलेलाच नाही.

ध्वनिरोधक भिंत उभारली तर सर्व मजल्यांना फायदा होतो का?

नाही, आणि भिंतीची मागणी करण्यापूर्वी हे नीट समजून घेतले पाहिजे. भिंत ध्वनीला अडवते, पण ध्वनी तिच्या माथ्यावरून वाकून पलीकडे पोहोचतो. भिंतीवरून जाताना ध्वनीला सरळ मार्गापेक्षा किती अधिक अंतर कापावे लागते, यावर घट ठरते. हा फरक मोठा आणि तरंगलांबी लहान असेल तर घट अधिक येते.

आपल्याच उदाहरणात उगमापासून ५ मीटरवर ३ मीटर उंच भिंत बांधली असे माना. तळमजल्यावर, दीड मीटर उंचीवर, मार्गातील फरक सुमारे ६३ सेंटिमीटर येतो आणि ५०० हर्ट्झला सैद्धांतिक घट १६ डेसिबलच्या आसपास निघते. प्रत्यक्षात भिंतीच्या टोकांकडून आणि समोरच्या बाजूच्या परावर्तनातून येणारा ध्वनी धरता ती याहून कमी भरते. तिसऱ्या मजल्यावर फरक जेमतेम २ सेंटिमीटर उरतो आणि घट ६ डेसिबलवर येते. चौथ्या मजल्यावर, सुमारे १३ मीटर उंचीवर, खिडकीतून भिंतीच्या वरून रस्ता थेट दिसू लागतो आणि तेथे भिंतीचा उपयोग जवळपास संपतो. उंच इमारतींच्या शहरात भिंतीचे चित्र दाखवून सर्वांना सारखा दिलासा सांगणे योग्य नाही. प्रत्येक मजल्याचे अनुमान वेगळे मागावे. भिंतीत फटी असल्या, किंवा प्रवेशद्वारासाठी ती तुटक ठेवली, तर वरचे सगळे आकडे कोसळतात. उड्डाणपुलाच्या कठड्याबाबत हाच न्याय लागतो : तो खालच्या मजल्यांना झाकतो आणि पुलाच्या पातळीवरच्या व वरच्या घरांना उघडे सोडतो.

झाडे लावली तर?

सावली, धूळ आणि मनाचे समाधान यांसाठी झाडे जरूर लावावीत, मात्र ध्वनिरोधक म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय मानकातील प्रसारपद्धतीनुसार २० मीटर दाट झाडीतूनही १००० हर्ट्झच्या ध्वनीत साधारण १ डेसिबलचीच घट होते. रस्त्याकडेच्या एका ओळीचा परिणाम मोजता येण्याजोगा नसतो.

रस्त्याचा पृष्ठभाग, ऊन आणि पाऊस यांचा परिणाम किती?

सच्छिद्र डांबरी थर नवा असताना नेहमीच्या थरापेक्षा काही डेसिबलने शांत असतो, पण धूळमातीने छिद्रे बुजली की हा गुण ओसरतो. धुळीच्या रस्त्यांवर स्वच्छतेची सोय नसेल तर हा खर्च टिकत नाही. आडव्या खाचा पाडलेले काँक्रीट चांगल्या डांबरी रस्त्यापेक्षा कर्कश वाजते. तापमानाचा परिणाम आपल्या बाजूने आहे : क्नोसॉसमध्ये २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान असून हलक्या वाहनांच्या टायरचा आवाज दर अंशाला ०.०८ डेसिबलने कमी होतो, म्हणजे ३५ अंशांना सुमारे १.२ डेसिबलने. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो, पण ही प्रतिमाने कोरडा रस्ता गृहीत धरतात. कोकणपट्टीत वर्षाचे जवळजवळ चार महिने हे गृहीतक खरे नसते.

विद्युत वाहने आली की हा प्रश्न सुटेल का?

काही अंशी. विद्युत बस थांब्यावरून निघताना डिझेल बसपेक्षा कितीतरी शांत असते, आणि वस्तीतल्या अरुंद रस्त्यांवर विद्युत दुचाकी व रिक्षांचाही फरक जाणवतो. महामार्गावर मात्र टायरचा आवाज प्रधान असल्याने फरक थोडाच राहील, आणि विद्युत वाहनालाही हॉर्न असतोच.

प्रतिमान बरोबर आहे की नाही हे कसे तपासतात?

आज अस्तित्वात असलेल्या स्थितीवर ते आधी चालवून पाहतात. निवडक ठिकाणी पहिल्या श्रेणीचा ध्वनिमापक तिपाईवर, वाऱ्याचे आवरण लावून, मोजणीच्या आधी व नंतर प्रमाणित ध्वनिस्रोताने तपासून ठेवतात आणि त्याच तासात वाहने, वेग व हॉर्न मोजतात. मोजलेली आणि काढलेली पातळी यांतील फरक सर्वत्र एकाच दिशेने येत असेल, तर प्रतिमानात काहीतरी सुटले आहे असे समजावे. आपल्याकडे ते बहुधा हॉर्न असते. सर्व ठिकाणी एकच आकडा मिळवून गणित जुळवून टाकणे हा उपाय नव्हे, कारण मोकळ्या महामार्गावर आणि चौकात सुटलेली गोष्ट सारखी नसते. मोबाइलवरचे ॲप फोनगणिक वेगळे आकडे दाखवते. तक्रारीला सुरुवात करण्यास ते उपयोगी आहे, पण पडताळणीसाठी नाही.

पर्यावरण अहवालातील ध्वनीचे प्रकरण वाचताना काय पाहावे?

प्रथम वापरलेल्या प्रतिमानाचे नाव आणि एकक पाहावे. नंतर वाहनांचे वर्गवार आकडे दिले आहेत की केवळ पीसीयू, रात्रीचा तास वेगळा काढला आहे का, आणि अनुमान कोणत्या वर्षाच्या वाहतुकीसाठी आहे हे तपासावे. रस्ता सुरू होण्याच्या वर्षासाठीच गणित केले असेल, तर पुढील वाढ वगळली गेली आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटर शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० व रात्रीची ४० आहे, म्हणून अशी प्रत्येक इमारत स्वतंत्र बिंदू म्हणून तक्त्यात आली पाहिजे. हॉर्नचा उल्लेखच नसेल, तर जनसुनावणीत लेखी प्रश्न द्यावा : हॉर्नची मोजणी कोठे, किती वाजता आणि किती वेळ केली, आणि तिच्यामुळे अनुमानात किती डेसिबल मिळवले?